उचकी कुणाच्या नावाची

मी शाळेत विज्ञान शिकवते. कुणी आठवण काढली की उचकी लागते, असलं मला सांगायला येऊ नका. पण सोमवारी सकाळी माझ्या नवऱ्याला, कृष्णातला, उचकी लागली आणि हुपरीहून आलेल्या त्याच्या शालूआत्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. ज्या नावाला उचकी थांबेल तो माणूस आठवण काढतोय म्हणे.

"बाळासो?"

उचक्!

"राजवर्धन? का कॉलेजातली ती मधुवंती?"

"आत्या, मार खायला लावताय व्हय मला!" कृष्णात म्हणाला आणि पुन्हा उचकला. हसून हसून माझं पोट दुखलं.

बुधवारी हसू आटलं. झोपेतही उचकी चालूच होती. राजारामपुरीतले डॉक्टर म्हणाले, "दोन दिवसांवर गेलेली उचकी हसण्यावारी नेऊ नका. पोट, किडनी, मेंदू, आत कुठलंही दुखणं असू शकतं. उद्याच्या उद्या मेंदूचा एमआरआय करा." मी तिथूनच शाळेत रजा कळवली.

त्या संध्याकाळी कृष्णात माझ्यासमोर साखरेचा बोकणा भरून बसला होता. ओठ मिटलेले, छाती शांत. उचकी आली ती मागच्या खोलीतून. मी जाऊन पाहिलं, तिथं कुणीच नव्हतं. पाइपाचा आवाज असेल, असं मी स्वतःला बजावलं.

गुरुवारी तपासणीला नंबर लावून बसलो, तोवर आत्यांची नावं संपली. गावातली, भावकीतली, गेलेल्यांचीसुद्धा. वैतागून त्या म्हणाल्या, "मग तूच काढाय लागलायस काय रं सवताची आठवण, कृष्णात?"

उचकी थांबली.

पाच मिनिटं. दहा मिनिटं.

"अनुजा, बघ की गं, थांबली!" आत्यांनी टाळ्याच वाजवल्या.

"झालं की! चला घरी," म्हणत कृष्णात उठला. तपासून तर घे, म्हणून मी भांडले, हातापाया पडले. पण खरं सांगते, मलाही इतका आनंद झाला होता की माझा जोर कमी पडला. येताना आम्ही गरम जिलेबी घेतली.

जिलेबी खाऊन आत्या एसटी धरायला गेल्या. एकही उचकी नाही. मी गाणं गुणगुणत चहा केला आणि कप घेऊन बाहेर आले.

कृष्णात खुर्चीच्या अगदी टोकाला बसला होता, हात मांडीवर ठेवून.

मला पाहताच तो उठून उभा राहिला.

"च्या नगं, वैनी," तो आदबीनं म्हणाला. "कृष्णात कवा येतोय?"