टाक्याकाठची स्तोत्रे

इटलीत कांपानियाच्या डोंगरातल्या मौन पाळणाऱ्या एका मठात कास्तोर नावाचा संन्यासी पाण्याच्या टाक्यात बुडून मेला. त्याने जीव दिला, असे मठाधिपती लिबेरातुसने ठरवून टाकले. जीव देणाऱ्याला मठाच्या दफनभूमीत जागा नसते. म्हणून कास्तोरची थोरली बहीण वालेरिया नेपल्सहून उर्सोला घेऊन आली. उर्सो पूर्वी न्यायालयात कारकून होता. आता लोकांची भानगडीची प्रकरणे उलगडून द्यायचा. सोबत त्याचा खेचरवाला मित्र दोनातो होता, मनाने भला पण डोक्याने जड.

प्रेताची बोटे सोलली होती, नखांत चुना भरला होता. टाक्यात अजून बादली तरंगत होती.

लिबेरातुसने घोगऱ्या आवाजात सगळे सांगितले. बहिणीने धाडलेली अंजिरे कास्तोरने न विचारता ठेवून घेतली, म्हणून आठवडाभर त्याच्याशी कोणी बोलायचे नव्हते. तेच मनाला लागले असणार. चार अंजिरांपायी माणसाला वाळीत टाकणारे हे देवाचे लोक! वालेरियाने पदर तोंडात कोंबला.

स्वयंपाकी आपण टाक्याशेजारच्या बागेत होतो, काही ऐकले नाही, म्हणाला. त्याचाही घसा बसला होता. द्वारपाल तर नुसता कुजबुजला.

"गारठा बाधलाय बिचाऱ्यांना," दोनातो म्हणाला.

खाली शेळ्या राखणारी म्हातारी मात्र कुरकुरत होती. परवा, कास्तोर गेला त्या दिवशी, भरदुपारी मठात स्तोत्रे थांबता थांबेनात, तिला डुलकीसुद्धा लागली नाही.

संध्याकाळच्या जेवणाआधी उर्सोने सगळ्यांना भोजनगृहात बसवले.

"जीव द्यायला निघालेला बादली कशाला नेईल? पाणी काढताना त्याचा तोल गेला. मग तो भिंतीला नखं लावत राहिला, म्हणजे त्याला जगायचं होतं. असा माणूस गप्प राहत नाही, ओरडतो. आणि मौन पाळणाऱ्या मठात सगळ्यांचे घसे एकदम कसे बसले?"

दोनातोचा चेहरा उतरला. "त्याच्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून हे गात होते?"

"त्याला ओ द्यायची कोणालाच मुभा नव्हती," लिबेरातुस म्हणाला. "नियम मलाही लागू आहे."

"दोर टाकायला बोलावं लागत नाही, बाबा," उर्सो म्हणाला.

शेवटी लिबेरातुस म्हणाला, की कास्तोरला मठाच्या दफनभूमीत जागा मिळेल, अगदी वडीलधाऱ्यांच्या शेजारी.

"नको," वालेरिया म्हणाली. "इथं त्याच्याशी कोण बोलणार? मी त्याला घरी नेते."

दोनातो खेचर आणायला उठला.