नऊ नंबरचा बिल्ला

"बिल्ला घेतल्याशिवाय आत जायचं नाही!"

मॅडम दचकल्या. एक पाय गेटच्या आत, एक बाहेर... आणि आवाज आला कुठून तेच कळेना. अकरा वर्षं बंद पडलेला बर्फाचा कारखाना हा. इथे चिटपाखरूही नसणार, अशी खात्री करूनच तर त्या आल्या होत्या.

"इकडे. खिडकीत."

गेटला लागून एक केबिन होती. खिडकीशी तिशीतला एक माणूस पंखा खोलून दुरुस्त करत बसला होता. त्याच्या मागच्या भिंतीवर लाकडी फळा, फळ्यावर ओळीनं खिळे आणि खिळ्यांना नंबर घातलेले पितळी बिल्ले. कामगार आत जाताना बिल्ला घेत आणि बाहेर पडताना परत लावत, त्या काळातले. सगळे जागच्या जागी होते. नऊ नंबरचा खिळा तेवढा रिकामा होता.

"आत कोणी आहे का?" मॅडमनी विचारलं.

त्याची नजर रिकाम्या खिळ्याकडे गेली. "तुम्ही गेलात की असेल ना कोणीतरी."

"अहो, मी एकटी जातेय. एका माणसाला मोजायला बिल्ला कशाला? डोकं दिसतंय की माझं!"

"दिसतंय. चांगलंही दिसतंय," तो म्हणाला आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "पण डोकी मोजण्यावर माझा विश्वास नाही."

"नाव काय तुमचं?"

"मिस्त्री म्हणतात सगळे."

"मला मॅडम म्हणतात."

"मग झाली की ओळख!" त्यानं चार नंबरचा बिल्ला पुढे केला. बोटाला बोट लागलं... लागलं म्हणजे काय, निसटतं. पण मॅडम आत जाऊन दहा पावलं चालल्या तरी ते बोट त्यांना आठवत होतं. खोटं कशाला सांगू!

मॅडम हायस्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवायच्या. वय अठ्ठावीस, राहायला आत्याकडे, आणि डोक्यात खूळ पेंटबॉलच्या क्लबचं. एक मनोरंजन पार्क बंद पडलं, तिथले दहा जुने मार्कर आणि चौदा मास्क शाळेला फुकटात मिळाले होते. मार्कर म्हणजे ती हवेवर चालणारी बंदूक, जिच्यातून रंगाची गोळी सुटते. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "शाळेच्या भिंतीवर एक जरी ठिपका दिसला, तर क्लब बंद आणि भिंत तुम्ही धुवायची." म्हणून ही जागेची शोधाशोध.

कारखान्याच्या मालकानं फोनवरच होकार दिला. राहता राहिला मिस्त्री. तो म्हणाला, "आणा मुलांना. पण बिल्ले मीच देणार, मीच घेणार. आणि मी आत येणार नाही."

"घाबरता?" मॅडमनी डोळे मिचकावले.

"हो," तो म्हणाला. अगदी सरळपणे.

दर शनिवारी दुपारी क्लब भरू लागला. दहा मुलं, आणि त्यांची कॅप्टन दहावीतली एक मुलगी. तिचं तोंड झोपेतही बंद होत नसे म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणायचे. खेळाचा नियम सोपा. गोळी लागली की हात वर करायचा, 'बाद' म्हणायचं आणि मुकाट बाहेर यायचं.

निम्मे मार्कर गळके होते. मिस्त्री ते केबिनमध्ये दुरुस्त करायचा आणि मॅडम शेजारी स्टुलावर बसायच्या. बसायचं काही कारण नव्हतं. तो साबणाचं पाणी लावायचा आणि बुडबुडा कुठे येतो ते बघायचा.

"बघा, इथून गळतंय. वायसर झिजलाय."

"माणसांचं कुठून गळतं ते कळायला असं काही आहे का हो?"

"तुम्ही केमिस्ट्रीच्या. तुम्हीच सांगा."

"माझं सोडा. तुम्ही अकरा वर्षं या खोपटात राहता म्हणे. सिनेमाला जात नाही, कुणाकडे चहाला जात नाही. का?"

"इथून हलता येत नाही."

"आत्यानं उद्या चहाला बोलावलंय तुम्हाला." आत्याला यातलं काडीचंही माहीत नव्हतं!

त्यानं वर बघितलं. यायची इच्छा त्याच्या डोळ्यांत लख्ख दिसत होती. मग तो पुन्हा मार्करवर वाकला. "नाही जमणार, मॅडम."

मॅडम घरी गेल्या आणि आत्यावर उगाचच खेकसल्या. आत्या म्हणाली, "कोण आहे तो?" आत्यापुढे काही लपत नसे.

चौथ्या शनिवारी रेडिओ मास्क कपाळावर सरकवून बाहेर आली. आणि गप्प होती! मॅडम स्टुलावरून उठल्याच.

"मॅडम... मोठ्या हॉलमध्ये भिंतीशी कोणीतरी उभं आहे."

"कोण?"

"कोणी नाही. पण उभं आहे."

मॅडम आत गेल्या. पूर्वी बर्फाच्या लाद्या जिथे रचत, त्या हॉलची ती लांबलचक पांढरी भिंत होती. महिनाभरात तिच्यावर पिवळ्या-निळ्या रंगाचे शेकडो फराटे उडाले होते, टिचभर जागा कोरी उरली नव्हती. फक्त मधोमध एक कोरा तुकडा होता. माणसाएवढा. डोकं, मान, खाली सोडलेले दोन हात. त्याच्यावर एक थेंबसुद्धा नव्हता. कडेनं रंग होता आणि आत स्वच्छ पांढरं.

"मी नेम धरून मारल्या," रेडिओ पुटपुटली. "दहा पावलांवरून, तीन. फुटल्याचा आवाजच आला नाही. खाली टरफलंही नाहीत."

मॅडम शिकलेल्या बाई. ओल असेल, रंग धरत नसेल, असं मुलांना सांगितलं आणि पाइप लावून अख्खी भिंत धुवून काढली. पेंटबॉलचा रंग पाण्यानं जातो. पुढच्या शनिवारी मुलांनी धुतलेल्या भिंतीवर पुन्हा खेळ केला. दीड तासात तो कोरा माणूस पुन्हा उमटला.

तो आधीच्या जागी नव्हता. दाराच्या बाजूला तीन पावलं सरकला होता.

आणि वास येत होता. नाकात सुई गेल्यासारखा, डोळ्यांत पाणी आणणारा. हा वास मॅडम दरवर्षी नववीच्या मुलांना बाटलीतून हुंगायला देत आल्या होत्या, त्यात चूक होणं शक्य नव्हतं. अमोनिया. बर्फ गोठवायला हाच वायू वापरतात, पण अकरा वर्षं रिकाम्या पडलेल्या पाइपांतून? हवेपेक्षा हलका वायू, तो पहिल्या आठवड्यातच उडून गेला असणार. मॅडमनी मुलांना शिट्टी मारून बाहेर काढलं, सगळ्यांचे बिल्ले लागले, आणि त्यांना घरी पाठवून दिलं.

मग त्यांनी मिस्त्रीला सगळं सांगितलं. तो वायसर बसवत ऐकत होता.

"माझ्यापेक्षा वीतभर उंच," मॅडम म्हणाल्या, "आणि डावा खांदा उतरलेला. ओझं उचलून उचलून होतो तसा..."

मिस्त्रीच्या हातातून वायसर पडला. घरंगळत कोपऱ्यात गेला, तरी त्यानं तिकडे पाहिलं नाही.

"दादा," तो म्हणाला.

"कोण दादा?"

"माझा थोरला भाऊ. लाद्या वाहायचा. नऊ नंबर." त्यानं रिकाम्या खिळ्याकडे मानेनं खूण केली. "मी तेव्हा वीस वर्षांचा. दादानंच मला गेटवर हजेरीला चिकटवलं होतं. त्या दिवशी दुपारी गॅसचा पाइप फुटला. सगळे पळत सुटले, बिल्ले लावायचं भान कुणाला! मी डोकी मोजली. हजेरीत तेवीस होते आणि बाहेरही तेवीस आले. मी ओरडलो, 'सगळे बाहेर!' आणि माझ्या शब्दावर दार बंद केलं त्यांनी."

मॅडमना विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. "मग?"

"त्या तेविसात एक ट्रकवाला होता. बर्फ भरायला आलेला. तोंडाला फडकी बांधलेली सगळ्यांनी... मी तोही मोजला. दादा व्हॉल्व्ह बंद करायला मागे राहिला होता. संध्याकाळी दार उघडलं, तेव्हा दारापासून तीन पावलांवर सापडला. बिल्ला काही सापडला नाही. त्याचं सगळं केलं आम्ही, मॅडम. पण रोज दुपारी मला वाटतं, आत एक जण आहे अजून. मग मी कुठे जाऊ?"

बाहेर लख्ख ऊन होतं आणि केबिनमध्ये मॅडमच्या अंगावर सरसरून काटा आला.

"पुढच्या शनिवारपासून मुलांना आणू नका," तो म्हणाला. "तुम्हीही येऊ नका."

आता मॅडमना राग आला. असातसा नाही, डोळ्यांत पाणी आणणारा. हा माणूस उमदा, हाताचा कसबी, हसला की गालाला खळी पडते... आणि हा असाच या खिडकीत म्हातारा होणार? आणि आपण काय करायचं? घरी बसून आत्याचा चहा प्यायचा?

"ऐका," त्या म्हणाल्या. "आमच्या खेळात एक गंमत आहे. गोळी कधी कधी पाठीला लागते आणि ज्याला लागली त्याला कळतच नाही. तो आपला खेळतच राहतो. लबाडी नसते हो ती, खरंच कळलेलं नसतं. अशा वेळी रेफरीनं ओरडायचं नसतं. जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि सांगायचं. कुणीतरी सांगितल्याशिवाय तो बाहेर कसा येणार?"

मिस्त्रीनं हातातला मार्कर खाली ठेवला.

"तुमच्या दादाला कुणी सांगितलंय का, मिस्त्री? तुम्ही 'सगळे बाहेर' म्हणालात. तो अजून दाराकडे चालतोय. मी जाते आणि सांगते त्याला."

"नाही," मिस्त्री उठला. "हजेरी माझ्याकडे होती. मीच सांगायला हवं."

त्यानं अकरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी बिल्ला काढला. मॅडमनी आपला चार नंबर घेतला. जाताना त्यांनी शिट्टी त्याच्या गळ्यात घातली आणि रेफरीचं पट्ट्यापट्ट्यांचं जाकीटही चढवलं. ते त्याला पोटाच्या वर आलं. एरवी त्या हसून हसून लोळल्या असत्या.

हॉलमध्ये वरच्या झरोक्यांतून ऊन येत होतं आणि तरीही तोंडातून वाफ निघत होती. भिंतीवरचा कोरा माणूस मघापेक्षा दाराजवळ आला होता. बस्स, हातभर अंतर राहिलं होतं. मिस्त्रीचे पाय दोनदा थांबले. मॅडमनी त्याचा हात धरला. तो बर्फासारखा गार पडला होता, म्हणून त्यांनी सोडलाच नाही.

त्यानं दुसरा हात वर नेला आणि त्या उतरलेल्या, कोऱ्या डाव्या खांद्यावर ठेवला.

"दादा..." तो म्हणाला. "दादा, तू बाद झालास रे. कधीचाच. माझं मोजायचं चुकलं. मी तुला बाहेर आला म्हणून सांगितलं आणि तू आतच होतास... रागावू नकोस. खेळ संपला. आता हात वर कर, आणि चल."

आणि त्यानं शिट्टी फुंकली.

शिट्टी हॉलभर घुमून परत आली. वास एकदम इतका वाढला, की दोघांचेही डोळे वाहू लागले. मॅडम आजही शपथेवर सांगतात की ते अमोनियानंच. मग दोघांच्या मधून, धरलेल्या हातांना घासून, काहीतरी गार, ओलसर दाराकडे गेलं. सावकाश गेलं, थकलेला माणूस पाळी संपल्यावर जातो तसं. वास गेला. भिंतीवर कोरा माणूस होता त्याच जागी, पण त्याचा उजवा हात डोक्याच्या वर होता.

दोघं धावत केबिनमध्ये आले. मिस्त्रीनं आपला बिल्ला लावला, मॅडमनी त्यांचा. आणि तेव्हा दिसलं. नऊ नंबरच्या खिळ्याला बिल्ला होता. हलत होता. पितळेवर बर्फाचा पांढरा थर होता आणि भर उन्हाळ्यात त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं.

मिस्त्रीनं फळा मोजला. पुन्हा मोजला. प्रत्येक बिल्ल्याला बोट लावून तिसऱ्यांदा मोजला. मग खिडकीची झडप ओढून घेतली आणि म्हणाला, "सगळे बाहेर."

आणि भिंतीला टेकून खाली बसला, लहान मुलासारखा रडला. मॅडमनी रडू दिलं.

बऱ्याच वेळानं तो उठला. गेट ओढलं. अकरा वर्षं ज्या गेटला तो आतून कुलूप लावत आला होता, त्याला आज बाहेरून लावलं. मॅडम पुढे रस्त्यावर उभ्या होत्या, बॅगेत उगाच काहीतरी शोधत.

"मॅडम."

त्यांनी वळून पाहिलं. मिस्त्री रस्त्याच्या मधोमध उजवा हात वर करून उभा होता. ते आखूड जाकीट अजून अंगातच होतं.

"हे काय आता?" मॅडम घाबरल्याच. "कशाला हात वर केलाय?"

"मला लागलीये."

"काय लागलीये? कुठे?"

"पाठीला असणार," तो म्हणाला. कान पुन्हा लाल झाले होते. "पहिल्याच दिवशी... तुम्ही एक पाय आत, एक पाय बाहेर अशा उभ्या होतात ना, तेव्हाच. मला कळलंच नाही. मी आपला खेळत राहिलो."

मॅडमना हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. त्या चालत जवळ गेल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, रेफरीनं ठेवायचा तसाच... फक्त काढला नाही.

"बाद," त्या म्हणाल्या. "चला, आत्या वाट बघतेय."

"खरंच बोलावलंय त्यांनी?"

"नाही हो. पण चहा टाकेल ती."