डोरीनचा प्रश्न

यावर तुमच्यापैकी कोणीही विश्वास ठेवणार नाही. ठेवलात, तर मलाच तुमची काळजी वाटेल. विल्फ, तू तर मुळीच ठेवू नकोस. परवाचा मासा आजचा म्हणून विकणाऱ्याला दुसऱ्याचं खरं पचत नाही.

"झालं का सुरू?" विल्फनं बिअरचा घोट घेतला. "रविवारचं जेवण तरी सुखानं जेवू दे की, क्लिफ."

जेव तू. मी बोलतो.

तेव्हा आपल्या मोरकॅममधली समुद्राकाठची गेस्ट हाउसं ओस पडायला लागली होती. त्यातल्याच एका घरात मनाच्या आजारातून सावरणारी माणसं राहायची, आणि त्यांच्या सोबतीला, आधाराला म्हणून एक माणूस हवा होता. मला बस कंपनीनं घरी बसवलेलं. बायको वेगळी झालेली. कोर्टानं साफ सांगितलं होतं, आधी कायमची नोकरी दाखवा, मग मुलगी शनिवारी तुमच्याकडे. मुलगी म्हणजे ही हेदर. आता समोर बसून माझ्या ताटातले बटाटे पळवतेय, तेव्हा एवढीशी होती. त्या नोकरीसाठी मी वाट्टेल ते बोललो असतो. बोलण्यात मी कमी पडलोय कधी?

मुलाखत भर दुपारी होती. खोलीत उबेसाठी गॅसची शेगडी, फुलाफुलांचा गालिचा, आणि ओल्या कुत्र्यासारखा वास. घरात कुत्रा नव्हता.

समोर जनीन, म्हणजे घराची व्यवस्था बघणारी बाई. तिच्या शेजारी विणकाम घेऊन डोरीन. ती तिथंच राहणारी. अशा घरांची रीतच आहे, ज्यांच्या सोबतीला राहायचं, त्यांच्यातलं कोणीतरी मुलाखत घ्यायला बसतं.

माझी मावसबहीण त्याच कामातली. तिनं माझ्याकडून एक नियम घोकून घेतला होता. "समोरचा काही दिसतंय म्हणाला, तर 'आहे' म्हणायचं नाही आणि 'नाही'सुद्धा म्हणायचं नाही. त्याला कसं वाटतंय, तेवढं विचारायचं. आणि क्लिफ, तोंड जरा आवर."

जनीनचे प्रश्न सरळ होते. माझी उत्तरंही बरी गेली. मग डोरीननं सुया खाली ठेवल्या.

"माझा एकच प्रश्न. तुझ्या खुर्चीमागे एक माणूस उभा आहे. कोट चिंब भिजलाय त्याचा. तू काय करशील?"

मनात म्हटलं, हा तर पाठ केलेला धडा!

"तुला तो दिसतोय, डोरीन, हे माझ्या लक्षात आलं. तुला भीती वाटतेय का?"

"मला कशाला वाटेल? घाबरलाय तो."

टप्.

गालिच्यावर पाणी पडलं की कसा दबका आवाज होतो, तसा. माझ्या अगदी मागे.

"मला काय विचारतोस," डोरीन म्हणाली, "त्याला विचार की, कसं वाटतंय."

माझी मान गार पडली. वास आता कुत्र्याचा राहिला नव्हता. ओहोटी लागल्यावर उघड्या पडलेल्या चिखलाचा होता. जनीननं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मग मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं.

मी उसनं हसलो. "जनीन, माझ्या मागे कोणी आहे का हो?"

तिचा चेहरा मऊ झाला. तो मऊपणा पुढे मीही पुष्कळांना दाखवला आहे.

"तुम्हाला तसं वाटतंय का, क्लिफ? फार त्रास होत असेल ना?"

आहे म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

'आहे' म्हणावं, तर मीही डोरीनसारखाच, सोबतीची गरज असलेला. 'नाही' म्हणावं, तर नापास. कसंही केलं तरी हेदरचा शनिवार गेलाच.

टप्. टप्.

मागे वळलो नाही. समोर बघतच म्हणालो, "थंडी वाजत असेल तर शेगडीपाशी बस, बाबा."

डोरीन खुदकन हसली. कोणाला तरी वाट द्यावी तसे तिनं पाय बाजूला घेतले.

कागदावरून नजर न काढता जनीननंही घेतले.

नोकरी मला मिळाली.

"आणि तो?" विल्फनं विचारलं. ग्लास त्याच्या हातातच राहिला होता.

"तो? तिथंच राहिला, शेगडीपाशी. मी निघताना दार ओढून घेतलं. पुन्हा कधी त्याची गाठ नाही."

हेदरनं काटा ताटात ठेवला.

"खोटं," ती म्हणाली.

"काय खोटं?"

"तिथं राहिला म्हणे! बाबा, शनिवारी तू मला न्यायला यायचास, तेव्हा गाडीत मागच्या सीटवर त्याचा पट्टा मीच लावायचे. त्याची बोटं गारठून वळायची नाहीत म्हणून."