साडेअकराचा फोन

बसा, मोहनाबेन. चहा येईलच. चार्ज द्यायचा म्हणजे चाव्या, पासवर्ड आणि चार सह्या, दहा मिनिटांचं काम. पण त्या कपाटाच्या खालच्या खणात एक सीडी आहे, ती तुमच्या यादीत नाही. तिच्याबद्दल मात्र सांगायला हवं. साडेअकराच्या आत मला संपवायचंय. का, ते कळेल.

आपली विकी तुम्ही पाहिलीत. दोन हजार चार साली ती मीच सुरू केली. त्याआधी प्लांट चालवायच्या सूचना फायलीत, फायली साहेबांच्या कपाटात आणि कपाटाची चावी साहेबांच्या घरी, अशी तऱ्हा होती. म्हटलं, संगणकावर पानं करू. शिफ्टवरच्या माणसाला चूक दिसली तर त्यानं तिथल्या तिथे सुधारावी. लोक हसले. "भास्करभाई, कोई पण आवीने गमे ते लखी जशे!" मी म्हटलं, कोणीही येऊन काहीही लिहू दे, काही हरवणार नाही.

कारण सगळी पानं मी सबव्हर्जनमध्ये ठेवली होती. हा प्रोग्राम म्हणजे खवट पण प्रामाणिक हेडक्लार्क समजा. पानातला एक शब्द बदला, तो त्या बदलाला नंबर देणार. कोणी केला, कधी केला, कशासाठी केला, हे लिहून घेणार. खोडलेलं वाक्यही त्याच्याकडे शाबूत राहतं. मी शिस्तीचा माणूस, मला याचा फार अभिमान होता. घरीसुद्धा बोलायचो त्याबद्दल, बायको कंटाळायची.

बी रिअॅक्टरचं पान लक्ष्मीकांतकाकांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. काका तीस वर्षांचे जुने ऑपरेटर, निवृत्तीला आलेले. त्या रिअॅक्टरच्या खालचा ड्रेन, म्हणजे निचऱ्याचा पाइप, रोज सकाळी साडेअकराला उघडतात. आधी वाफ बंद करायची, दाबाचं मीटर शून्यावर आलं की व्हॉल्व्ह उघडायचा. काका म्हणाले, "अजून एक ओळ घाल. मीटर शून्य दाखवत असलं तरी पाइपला हात लावून बघा. गरम असेल तर उघडू नका. मीटर अडकतं रे कधीकधी."

घातली. वर्षभर होती.

मग परदेशातून तपासणीला माणसं यायची ठरली. आदल्या दिवशी मी सगळी पानं चाळत बसलो. 'हात लावून बघा' हे वाचून मलाच लाज वाटली. एवढी लाखालाखाची मीटरं बसवलीत, आणि आम्ही काय, भाकरी भाजल्यासारखा हात लावून बघतो? कोणालाही न विचारता ओळ काढली. 'कशासाठी' या रकान्यात लिहिलं, साफसफाई. नंबर पडला एकशे अठरा. काका तोवर निवृत्त होऊन नागरवाड्यात घरी बसले होते.

त्यांच्या जागी नंदू आला. वडील रेल्वेत, प्रतापनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेला पोरगा, नुकतं लग्न झालेलं. पान उघडलं की स्क्रीनवर बोट टेकवून एकेक ओळ वाचायचा. काच सगळी डागाळायची. मी ओरडायचो, "अरे, डोळ्यांनी वाच की!" तो हसायचा. म्हणायचा, "बोट ठेवलं की ओळ सुटत नाही, भास्करकाका."

नोव्हेंबरात मीटर अडकलं. नंदूनं पान वाचलं, पानात होतं तेवढं सगळं केलं आणि व्हॉल्व्ह उघडला. कढत वाफ अंगावर आली. पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होता. सहाव्या दिवशी गेला.

त्याची बायको श्रद्धा गेटवर आली होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "लोक म्हणतात, हे काहीतरी विसरले. काका, हे विसरणारे नव्हते हो. तुमच्या कम्प्युटरमध्ये सगळं असतं ना? बघून सांगाल?"

बघतो म्हटलं. बघायची गरज नव्हती, मोहनाबेन. मला पाठ होतं.

काकांची ओळ मी अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी पानात परत घातली होती. निदान पुढचा माणूस वाचावा. पण त्याचीही नोंद झाली. कोणीही इतिहास उघडला असता तर सरळ दिसलं असतं. ओळ होती, भास्करनं काढली, नंदू गेला, भास्करनं परत घातली. आणि चौकशी लागली. प्लांटचे प्रमुख उदयसिंहराव, त्यांनी मला बोलावून सांगितलं, "सोळा जानेवारीला ते पान आणि त्याचा इतिहास छापून आणा."

चौदाला उत्तरायण, पतंगांचा दिवस. त्या दिवशी बडोद्यात ऑफिसात कोण येतं? प्लांट चालू, पण ही इमारत रिकामी. मी सकाळी दहाला आलो. घरी सांगितलं, एक प्रिंट काढायचीय, जेवायला येतो. बाहेर लख्ख ऊन होतं. लांब गावातल्या घरांच्या धाब्यांवरून "काप्यो छे!"चा ओरडा येत होता आणि पिपाण्या वाजत होत्या. इथे नुसता पंख्याचा आवाज.

मी काय केलं ते नीट ऐका, कारण हे तुमच्याशिवाय कोणाला कळणार नाही. जुना सगळा इतिहास एका सीडीवर काढून घेतला. फेकवेना, सवयच नाही. मग संगणकावरून तो पुसला आणि नोंदींचं नवं, कोरं कोठार तयार केलं. त्यात आजची पानं टाकली. नंबर एक. मागे काही नाही. बी रिअॅक्टरच्या पानात काकांची ओळ आहे, आणि ती जणू पहिल्या दिवसापासून आहे. म्हणजे नंदूनं ती वाचली आणि तरीही हात लावला नाही, असाच अर्थ कोणीही काढणार. हे मला तेव्हा कळत होतं का? कळत होतं. आत काही हललं नाही एवढंच. प्रिंट काढली आणि पाकिटात घातली.

निघण्याआधी सवयीनं इतिहास पुन्हा उघडला. एक नोंद असायला हवी होती. दोन होत्या.

दुसरीवर नाव होतं नंदूचं. त्याचं खातं तो गेला त्याच आठवड्यात मी या हातांनी बंद केलं होतं. वेळ, अकरा वाजून चार मिनिटं. म्हणजे नुकतीच. 'कशासाठी'च्या रकान्यात, तो लिहायचा तसंच, इंग्रजी अक्षरांत मराठी... 'ही ओळ त्या दिवशी नव्हती.'

पान उघडलं. काकांची ओळ गेलेली.

वाटलं, कोणीतरी चेष्टा करतंय. ओळ परत घातली, नंबर तीन. खुर्चीवरून उठलोही नाही तोवर नंबर चार. तेच नाव. तेच कारण. मग ते कोठारच पुसलं आणि पुन्हा नवं केलं. नंबर एक... नंबर दोन. ही ओळ त्या दिवशी नव्हती.

पंखा चालूच होता, पण खोलीत दमट व्हायला लागलं. इस्त्रीखालच्या ओल्या कपड्यातून येते ना, तसली वाफ, आणि तिच्यात रबर तापल्याचा वास. बाहेरचा ओरडा बंद झाला होता की मला ऐकू येत नव्हता, सांगता येणार नाही. स्क्रीनच्या काचेवर, आतून नव्हे, बाहेरून, माझ्या बाजूनं... पहिल्या ओळीखाली एक ओला डाग उमटला. बोटाएवढा. मग दुसऱ्या ओळीखाली. मग तिसऱ्या. सावकाश, एकही ओळ न सोडता खाली येत होता. काकांची ओळ जिथे असायला हवी तिथे येऊन थांबला, आणि तिथेच राहिला.

मी उजव्या तळहातानं काच पुसली. काच कढत होती. आणि तेव्हा माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. अकरा पंचवीस.

कंट्रोल रूमला फोन लावला. ड्यूटीवर वसंत होता.

"बोलो भास्करभाई, हॅपी उत्तरायण. घरी नाही गेलात?"

"वसंत, बी रिअॅक्टर..."

"तेच, ड्रेन उघडायला चाललोय. पान वाचलं. मीटर झिरो आहे."

"पानात... पाइपला हात लावायचं लिहिलंय का?"

"ना रे. असं काय नाही लिहिलेलं."

"उघडू नको. आधी पाइपला हात लाव. जा... मी फोन धरतो."

तो गेला. फोनमधून प्लांटची घरघर येत होती. मधेच कोणीतरी अगदी फोनजवळ श्वास घेतल्यासारखं वाटलं. म्हटलं, वसंत? बऱ्याच वेळानं तो धापा टाकत आला.

"भास्करभाई... आग आहे पाइप. मीटर झिरो दाखवतंय अने अंदर पूरी वाफ छे. तुम्हाला कसं कळलं?"

मी फोन ठेवला आणि इथेच बसून राहिलो. मला रडू यायला हवं होतं, किंवा भीती तरी वाटायला हवी होती. दोन्ही आलं नाही. समोर सीडी होती. ती परत चढवली असती, खरा इतिहास जागेवर ठेवला असता, तर नंदूला ओळ खोडायचं काही कारणच उरलं नसतं. हे मला त्याच मिनिटाला समजलं. सोळा तारखेला मी पाकिटातली प्रिंट नेऊन दिली.

अहवालात आलं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. श्रद्धानं तो वाचला. आता ती मांजलपूरला एका शाळेत शिकवते. संक्रांतीला रस्त्यात भेटली तर माझ्या हातावर तिळगूळ ठेवते. म्हणते, "काका, तुम्ही बघितलंत, हेच पुष्कळ आहे."

ओळ मी किती वेळा परत घातली याची मोजदाद नाही. दुपारपर्यंतही टिकत नाही. कागदावर छापून चिकटवली, आठवड्यात वाफेनं गळून पडली. पाइपवर रंगवून घेतली, रंग पापुद्रे होऊन निघाला. नवं मीटर लावलं, तेही अडकतं. शेवटी उरला फोन. गेली नऊ वर्षं रोज सकाळी अकरा पंचवीसला मी कंट्रोल रूमला फोन करतो आणि सांगतो, हात लावून बघ. रविवारीसुद्धा. माझ्या मुलीच्या, ओवीच्या लग्नात अंतरपाट धरलेला होता, अक्षता एका हातात, दुसऱ्या हातात मोबाइल. कंट्रोल रूममधली पोरं मला वेडा म्हणतात, पण हात लावतात. आतापर्यंत चौदा वेळा पाइप गरम निघाला.

आज माझा शेवटचा दिवस. उद्यापासून अकरा पंचवीसला तुम्ही फोन करायचा. किंवा ही सीडी चढवायची. चढवलीत तर माझं नाव उघडं होईल, श्रद्धालाही कळेल. मला काय वाटेल म्हणून थांबू नका. मला तसं काही वाटत नाही हल्ली. स्वतःच्या हातानं चढवणं मात्र नऊ वर्षांत जमलं नाही, हेही खरं.

ही बघा, सीडी याच खणात असते. कुलूप लावलेलं असतं, चावी एकच, माझ्या जानव्याला. मागे वसंत इथे आला होता. खणाला हात लागला आणि चटका बसल्यासारखा झटकन मागे झाला, निघून गेला. मला सांगता येत नाही. काच पुसली त्या दिवसापासून माझ्या या हाताला गरम-थंड काही कळतच नाही. तीन डॉक्टर झाले, हाताला काही झालेलं नाही म्हणतात.

अकरा बावीस झाले. तुम्ही जरा खणाला हात लावून बघता?

...अहो, असं काय करता? बोटं दाखवा बघू.