थुंकीचा उतारा

प्रेम ही विश्व चालवणारी आदिशक्ती आहे. डॉक्टर लिगायाची तिच्याशी गाठ पडली तेव्हा स्कूटरचं मागचं चाक पंक्चर होतं.

फिलिपिन्समधल्या बातांगासच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात पंक्चर काढणारा एकच – फेर्मिन. त्याच्या दारात जुन्या टायरांची रास, टायरांत पावसाचं पाणी, पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. लिगायाचं डोकंच फिरलं.

"हे काय पाळलंयस?"

"डुक्कर. मागे बांधलंय. बघायचंय?"

"डास पाळलेयस तू, डास. गावात डेंग्यू आला तर याच दारातून येईल. ओत ते पाणी."

"ओततो. पण डॉक्टर... रागावलात की तुमचं नाक लाल होतं."

लिगायाने त्याच्याकडे जळजळीत पाहिलं. जाताना डुकराकडेही तसंच पाहिलं.

आठवड्याने ती हवा भरायला आली. टायर तसेच तुडुंब. ती पुन्हा भांडली, आणि भांडून बरं वाटलं याचा तिला आणखी राग आला.

मग दुकान बंद दिसू लागलं. फेर्मिन तापाने फणफणलाय, असं कळलं. लिगाया तडक त्याच्या घरी गेली, तर त्याची आई, आलिंग पुरिंग, अंगणात शेवया परतत होती.

"या. तुमचीच नजर लागली पोराला. आज उतरला ताप, पण थुंकी तेवढी लावा, म्हणजे मुळासकट जाईल."

परक्याची नजर पोटात शिरते आणि त्याच परक्याच्या थुंकीने निघते, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

लिगाया आत गेली. फेर्मिन हसला. हिरड्यांतून रक्त येत होतं. हात गार, घामट. दंडावर लाल ठिपके. पोटाला बोट लागताच तो कळवळला.

"ताप तर गेला ना..." तो पुटपुटला.

"डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच घात होतो, गाढवा. रक्तातलं पाणी झिरपतंय तुझ्या. दुपारपर्यंत इथे पडलास तर संपलास. चल इस्पितळात."

आलिंग पुरिंग झारा घेऊन दारात आडवी उभी राहिली. "उतारा झाल्याशिवाय पोरगा उंबरा ओलांडणार नाही."

वाद घालायला वेळ नव्हता. लिगायाने सगळं वैद्यकशास्त्र गिळलं, अंगठा जिभेला लावला आणि त्याच्या बेंबीशेजारी टेकवला. रागाने, पण अगदी हलकेच.

"झालं? आता गाडी बोलवा."

इस्पितळात सलाइन लागलं. ती उशाशी बसून राहिली, बसल्या बसल्या त्याला शिव्या घालत. हळूहळू हात उबदार झाले, दोन दिवसांनी चेहऱ्यावर रंग आला.

"ताप डासाचाच होता, कबूल," तो म्हणाला. "पण त्या दिवशी हवा भरायला आलात... चाक टच्च होतं."

"तुला कळलं होतं?"

"टायरवाला आहे मी. तरी भरत बसलो... तुम्ही जाऊ नये म्हणून. लग्न कराल माझ्याशी?"

"टायर?"

"आईने कालच ओतले."

"मग करेन," ती तणतणत म्हणाली. नाक लालभडक झालं होतं.

दारात येऊन उभ्या राहिलेल्या आलिंग पुरिंगने दोघांना पोटाशी धरलं, पदरासारखी ओढणी डोळ्यांना लावली, आणि पिशवीतून एक रिकामी वाटी काढून हळूच पुढे केली.

"सूनबाई, यात जरा थुंकता का? तुम्ही पाहिल्यापासून डुक्कर धड खात नाहीये."