स्टोअरच्या खिडकीवर

गंधार, तो मोबाइल पालथा घाल. अंतरा, तू इकडे सरक, दाराकडे पाठ करून बसू नकोस. नाही गं, घाबरवत नाही. परवा आपल्या पंपाचं काम करून गेला ना, तो रत्नदीप, लोधिवलीचा... त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे ही.

हा रत्नदीप आधी रसायनीकडच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळायचा. हातमोजे, गमबूट, पाने-पकडी, कामगाराला लागेल ते खिडकीतून काढून द्यायचं. नोकरी बरी होती, पण एक गोष्ट त्याला सलायची. विषारी वायूपासून बचावाचे मास्क दरवर्षी खरेदी व्हायचे, ते फक्त कागदावर. पैसे जायचे मॅनेजरच्या मेव्हण्याच्या कंपनीला. ती कंपनी म्हणजे भिंतीवरची नुसती पाटी. स्टोअरात मास्क एकही यायचा नाही.

मग शुक्रा गेला. ठेकेदाराचा माणूस, वाडीवरचा. टाकी साफ करायला उतरला, तो जिता वर आलाच नाही. कंपनीनं सांगितलं, मास्क दिला होता, त्यानं लावला नाही, पिऊन होता. त्याची बायको मंगळी गेटबाहेर बसून एकच म्हणत राहिली, "त्यो पीत नवता वं." रत्नदीपला ते ऐकवेना. त्यानं फॅक्टरी इन्स्पेक्टरला फोन करून होतं ते सगळं सांगितलं. चौकशी लागली. रत्नदीपची साक्ष ठरली देवदिवाळीला, मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी.

त्याच्या आधीची रात्र. दिवाळी सरल्यावरची अमावास्या. रत्नदीप जेवायला बसणार, तोच मॅनेजर अनुपमसाहेबांचा फोन. "स्टोअरची किल्ली घेऊन ये जरा. पाच मिनिटांचं काम आहे."

"आता कशाला? नका जाऊ," त्याची बायको उज्वला म्हणाली.

"किल्ली माज्याकडं हाय गं. देतो नि येतो. भात झाकून ठेव."

मोटारसायकल काढली नि गेला. चौकशीपायी कंपनी बंदच होती. गेटवर वॉचमन कोंडीराम तेवढा. साहेबांची गाडी स्टोअरसमोर उभी.

रत्नदीपनं कुलूप काढलं. साहेबांनी आत येऊन कडी घातली, खुर्ची ओढली आणि अगदी गोडीत बोलायला लागले. "उद्या एवढंच म्हण, शुक्राला मास्क दिला होता. उज्वलाला ऑफिसात लावून घेतो. नाही म्हणालास, तर मास्क तूच विकून खाल्लेस असं निघेल. स्टोअर तुझ्या ताब्यात होतं रे, माझ्या नाही."

रत्नदीपला तुरुंग दिसायला लागला डोळ्यांपुढे. "बरं साहेब" हे शब्द अगदी ओठांवर आले होते...

खिडकीवर टकटक झाली.

बोटाच्या पेरानं वाजवतात ना, तशी. हळू.

"कोण आहे?" साहेब ओरडले.

पुन्हा टकटक. मग आवाज. बसलेला, खालून कुठूनतरी आल्यासारखा.

"तोंडाला लावायचं द्या ना, दादा... खाली वास लय हाय..."

रत्नदीपनं ते बोलणं ओळखलं. शुक्राला मास्क हा शब्द यायचा नाही. टाकीत उतरायच्या आधी तो याच खिडकीशी येऊन अगदी हेच बोलला होता. आणि रत्नदीपनं "आले नाय रं अजून" म्हणून त्याला परत पाठवलं होतं. तेव्हा तिथं तिसरं कुणी नव्हतं.

"कोण मस्करी करतंय?" साहेब उठले. खाडकन खिडकी उघडली.

बाहेर कुणी नाही. अंधार. आणि वास. टाकीचा वास.

साहेबांनी खिडकी लावली. खिट्टी घातली. वळले.

"तोंडाला लावायचं..."

आता आवाज आतून आला. मांडण्यांच्या मागून.

दिवा चालू होता. दिसत काहीच नव्हतं. दोघांपैकी कुणी हललं नाही.

"द्या ना..."

जवळ आला. श्वास ऐकू यायला लागला. आत ओढलेला... अडकलेला... पुन्हा ओढलेला...

साहेबांनी रत्नदीपचं मनगट घट्ट धरलं. "सांग त्याला... दिला होता म्हणून सांग..."

रत्नदीपनं डोळे मिटले.

"नाय रं शुक्रा." रडतच बोलला तो. "मास्क कंदी आलेच नाय. उद्या सांगतो. सगळ्यांम्होरं सांगतो."

श्वास थांबला.

किती वेळ गेला, त्याला कळलं नाही. मग अगदी शेजारून, साहेबांच्या कानाशी...

"सायेब... तुमी तरी द्या..."

साहेबांनी किंकाळी फोडली. कडी काढली नि पळाले. गाडीकडे नाही, सरळ गेटाकडे. कोंडीरामच्या हाका त्यांना ऐकूच गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी रत्नदीपनं साक्ष दिली. मास्क, मेव्हणा, ती पाटी, सगळं बोलला. आवाज कापत होता, पण बोलला. साहेबांना विचारलं तर ते खाली मान घालून म्हणाले, "तो सांगतो ते खरं आहे." मेव्हण्याला पोलिसांनी नेलं. मंगळीला उशिरानं का होईना, भरपाई मिळाली. रत्नदीपची नोकरी तेवढी गेली. साहेब पुन्हा या भागात फिरकले नाहीत. गाडी न्यायलासुद्धा नाही.

ती गाडी... त्या रात्री पहाटेच्या फेरीला कोंडीराम तिथून गेला. गाडी स्टोअरसमोर तशीच. कुलूपबंद. चारी काचा वर. त्यानं बॅटरी मारून पाहिलं. आत कुणी नाही.

पण मागच्या काचेवर वाफ धरली होती. तोंडाएवढीच. कोंडीरामनं हातानं पुसून पाहिलं. पुसली जाईना. वाफ आतून होती.

तो बघत उभा राहिला. वाफ विरायची... आणि पुन्हा धरायची.

विरायची...

पुन्हा धरायची.