बटण चावणारा जवान

दर्यापूरच्या कौशल्याबाईंनी देवानंद गावंडे यांचा एकाहत्तरच्या लढाईचा इतिहास तिसऱ्यांदा वाचून काढला. बाई निवृत्त शिक्षिका, वाचन दांडगं. इतरांच्या पुस्तकांत नुसते नकाशे आणि सेनापती. या माणसाने जवानाच्या पायाचे फोड लिहिले, खंदकातला चिखल लिहिला. बाई त्याचं इतकं कौतुक करत, की पुस्तकाचं नाव निघालं की शेजारणींना गॅसवरचं दूध आठवायचं.

मात्र एक पान त्या कोणाला वाचून दाखवत नसत. त्यात एक बिननावाचा जवान घाबरला की शर्टाचं वरचं बटण चावतो. बाईंचे मालक, नत्थुजी, अगदी तसंच करायचे. लग्नानंतर सहा महिन्यांतच ते लढाईवर गेले आणि सरकारदरबारी ‘बेपत्ता’ राहिले. त्या एका शब्दाच्या भरवशावर बाईंनी उभा जन्म कुंकू लावलं.

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी त्या एसटीने अमरावतीला, लेखकाच्या घरी गेल्या.

“तो बटनवाला जवान तुमाले कोनं सांगतला, भाऊ?”

म्हाताऱ्या गावंड्यांनी चष्मा काढून दाराकडे पाहिलं.

“तो सोताच ये. भर दुपारी. दाराशी बसून सारं सांगे. ईस-बावीसचा पोरगा. एकाहत्तरचं याले कसं मालूम, हे मी इचारलं नाई बाई. भेव वाटे.”

“आता येते?”

“येते ना. पुस्तक झालं, तरी येते. पानी मांगते. सारा माठ रिकामा होते, पन तहान जात नाई. म्हन्ते, घरी माह्या नावाची घागर कोनी भरतच नाई.”

अखजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरायची, ही वऱ्हाडातली रीत. बाईंनी ती कधी भरली नव्हती. जित्या माणसाची कोणी भरतं का? आपल्याच आशेने मालकांना पन्नास वर्षं तहानलेलं ठेवलं, या विचाराने त्या परतीच्या गाडीत तोंडाला पदर लावून रडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कोरी घागर भरून पाटावर ठेवली. कपाळावरचं कुंकू पुसलं. मग आयुष्यात पहिल्यांदा मालकांचं नाव मोठ्याने घेतलं.

घागरीतलं पाणी खाली जाऊ लागलं.

पाट कोरडाच होता.

घोटांचा आवाज येत होता, घाईघाईचा.

“सावकाश प्या,” बाई हळूच म्हणाल्या. “ठसका लागन.”